परसात दहा कोंबड्या, आणि म्हणे कडकनाथच घ्या!

परसदार: काल इथे एकांनी छातीठोकपणे लिहिलंय, 'दोन गुंठ्यांच्या परसात कोंबड्या पाळायच्या तर कडकनाथच, बाकी जाती म्हणजे खाद्याची नासाडी.' राहवलं नाही म्हणून लिहितोय. काळी कडकनाथ मध्य प्रदेशातल्या झाबुआची, 2018 साली भौगोलिक मानांकन मिळालं, सगळं मान्य. पण अंडी वर्षाला शंभरच्या आतबाहेर! घरात रोज अंडी लागत असतील तर ग्रामप्रिया घ्या. हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संचालनालयाने ती परसासाठीच तयार केली, नीट सांभाळली तर दीडशेच्या वर जाते. खायलाही हवी असेल तर वनराज. आणि काळं अंडं वगैरे काही नसतं हो, कडकनाथचं अंडंही फिकट बदामीच असतं. 2019 ला सांगली-कोल्हापूरकडे कडकनाथच्या नावावर लोकांचे पैसे बुडाले, तेव्हाही असंच कौतुक चाललं होतं.

कडक_मालक: ते लिहिणारा मीच. घोटाळा माणसांनी केला, कोंबडीने नाही! आणि काळं अंडं मी कुठे म्हटलं? आधी वाचा, मग हाणा.

मालवणची_मावशी: तुम्ही दोघं अंडी मोजत बसा. पिल्लं कोण काढणार? ग्रामप्रिया अंडी उबवायला खुडूक बसत नाही, कडकनाथचाही भरवसा नाही. माझ्या गावठी साठेक अंडी घालतात, पण रवणीला बसल्या की हलत नाहीत. शेजारणीची गिरिराज जड, पळता येईना, मुंगसाने नेली. माझ्या रात्री फणसावर झोपतात.

परसदार: मावशी, घरी पिल्लं काढायचीच कशाला? ग्रामप्रियासारख्या संकराची पुढची पिढी उतरते. एक दिवसाची पिल्लं आणा, वेळेवर लासोटा (मानमोडी रोगाची लस) द्या, झालं. कोंबडाही नको.

वैतागलेला_पुणेकर: कोंबड्याचं काढलंत ते बरं केलं. आमच्या शेजाऱ्याचा पहाटे साडेतीनला सुरू होतो. सोसायटीत तक्रार केली तर म्हणे 'निसर्ग आहे'. मग माझी झोप काय प्लास्टिकची आहे?

कडक_मालक: कोंबड्याशिवाय अंडं निर्जीव. त्यात कस नसतो.

परसदार: अहो, कोंबडा पिल्लांसाठी लागतो, अंड्यासाठी नाही! दुकानातली अंडी इतकी वर्षं खाताय, ती कुठल्या कोंबड्याची?

मालवणची_मावशी: कोंबडा घार दिसली की ओरडून सगळ्यांना आत घालतो. तुमचा लासोटा घालतो का? आणि पुणेकर, वाडीत राहायला आलात तर आरवणं ऐकावंच लागेल.

वैतागलेला_पुणेकर: राहायला मी आलो नाही, कोंबडा आला! माझा जन्म त्याच सोसायटीतला.

कडक_मालक: बरं, अंडी कमी, हे घ्या मान्य. खूश? पण आमच्या भागात मानमोडी आली तेव्हा माझी एकही मेली नाही.

परसदार: लस दिली होती?

कडक_मालक: दिली होती. मग?

परसदार: मग जातीचं कौतुक कशाला करताय?

कडक_मालक: तुमच्या ग्रामप्रियाचं अंडं विकायला नेऊन बघा, म्हणजे कळेल. मी बदामी म्हणून दुप्पट भावाने विकतो.

परसदार: बदामी तर ग्रामप्रियाचंही असतं! बोलणं परसासाठीच्या जातीचं चाललंय, दुकान काढायचं नाही.

वैतागलेला_पुणेकर: कोंबड्याचं काय ते कुणी सांगणार का?

मालवणची_मावशी: शेजारी कितीला देतो विचारा. वडे मी करते.