कुठल्या देशाचा सिनेमा तुमच्या मनात घर करून बसला?

2004 पासून इफ्फी, म्हणजे भारताचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, पणजीत भरतो. नोव्हेंबरात कांपालच्या रस्त्याला आकाशकंदील अजून लटकत असतात आणि आपण कार्ड गळ्यात घालून धावत असतो. या धावपळीत, किंवा तिच्या बाहेरही, एखाद्या देशाचा सिनेमा तुम्हाला कसा भेटला ते लिहा. नुसती नावं नकोत.

सुरुवात माझ्यापासून. माझा देश इराण. पणजीतल्या एका छोट्या खेळाला दिग्दर्शक कियारोस्तामींचा 1987चा सिनेमा बघितला. मित्राची वही चुकून घरी आलेली, ती परत द्यायला पोरगा डोंगरापलीकडच्या गावात घर शोधत फिरतो. बस्स, एवढंच! डिचोलीची शेवटची बस होती म्हणून मला मध्येच उठावं लागलं. रात्रभर ती वही डोक्यातून जाईना. शेवट बघायला तीन वर्षं लागली: मास्तर वही उघडतात आणि पानात दाबलेलं फूल दिसतं. मुलांसाठी वाचनालयं चालवणाऱ्या एका संस्थेने तिकडे सिनेमा विभाग काढला, त्यातून हे सगळं उगवलं. आपल्या गावच्या वाचनालयात मी हे प्रत्येकाला सांगते.

वास्कोहून
मी जहाजावर होतो. नायजेरियात लागोसला बंदरात माल उतरेपर्यंत बाजारात फिरायचो. पातळ प्लास्टिकच्या पाकिटात सीडी, ढिगाने. 1992च्या सुमारास तिथल्या व्यापाऱ्यांनी व्हिडिओ कॅसेटवर सिनेमे काढून थेट बाजारात विकायला सुरुवात केली. थिएटर नाही तर नाही, घराघरांत टीव्ही होताच की. आमच्या मेसमध्ये एक लावला. आवाज फुटत होता, पण सासू-सुनेचं भांडण सगळ्यांना कळलं. फिलिपिनो खलाशीसुद्धा हसत होते.

फोंड्याहून
कोरियाबद्दल लिहिते. थिएटरने वर्षाला 146 दिवस कोरियन सिनेमा दाखवायचा, असा तिथे नियम होता. 2006 मध्ये तो 73 दिवसांवर आणला, तेव्हा नट-दिग्दर्शक रस्त्यावर उतरले. मला हे वाचून गलबलून आलं. इथे मराठी सिनेमा लागला तर दुपारचा एकच खेळ, तोही आठवडाभर. शाळा सुटेपर्यंत उतरलेला असतो. गेल्या खेपेला मी रजा टाकून गेले, हॉलमध्ये अकरा माणसं होतो. 2020 मध्ये कोरियन सिनेमाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं ऑस्कर मिळालं, तेव्हा मला आधी ते 146 दिवस आठवले.

मडगावहून
आफ्रिकेतल्या, अरब देशांतल्या कितीतरी सिनेमांच्या आधी सीएनसी या फ्रान्सच्या सरकारी सिनेमा-संस्थेचं नाव येतं. का, ते शोधलं. ही संस्था 1946ची. तिकडे प्रत्येक तिकिटामागे दहा टक्क्यांहून थोडा जास्त कर कापून सिनेमानिर्मितीकडे वळवतात, मग सिनेमा हॉलिवूडचा का असेना. ही सोय मला फार आवडली.

पेडण्याहून
परदेशाचं नाही, घरचं लिहितो, चालेल ना? पहिला कोंकणी सिनेमा 1950 मध्ये आला, पोर्तुगीज अमदानीत. माझ्या आजीने तो पाहिला होता. गोष्ट तिला धड आठवत नसे. पडद्यावरची बाई कोंकणीत काही विचारायची आणि आजीच्या शेजारी बसलेली बाई तिला मोठ्याने उत्तरं द्यायची, एवढं मात्र ती शेवटपर्यंत सांगायची.