मदत हवी आहे: 'कॅरेक्टर अ‍ॅक्टर'ला मराठीत काय म्हणायचं? म्हणजे नायक-नायिका नसूनही ठसठशीत व्यक्तिरेखा साकारणारे नट.
हॉलिवूड अभिनेत्री थेल्मा रिटरवर छोटा लेख लिहितेय. १९५० ते १९६२ मधल्या चित्रपटांसाठी ६ ऑस्कर नामांकनं, पुरस्कार एकही नाही! 'रिअर विंडो'त पाय प्लास्टरमध्ये असलेल्या जेम्स स्टुअर्टला मालिश करता करता सुनावणारी नर्स, तीच ही.

अडलंय एका शब्दावर. 'चरित्र अभिनेत्री' हिंदीतून आलाय, शिवाय चरित्रपट आठवतो. 'सहाय्यक' ही पुरस्काराची वर्गवारी. 'दुय्यम' म्हणणं तर अन्यायच. 'पिकअप ऑन साउथ स्ट्रीट'मधली, स्वतःच्या दफनासाठी पैसे साठवणारी टाय विकणारी मो पाहिलीत तर पटेल. शब्दकोश चाळून झाले. इंग्रजी शब्द संपादकांना नको, तळटीपही नको.

जुन्या नाटक कंपन्यांत किंवा नाट्यसमीक्षेत अशा नटांसाठी एखादा रुळलेला शब्द होता का?