मदत हवी आहे: फॉस्फेट तेच, मग स्वभक्षण एकदा चालू आणि एकदा बंद कसं?

नमस्कार मंडळी,

एम.एस्सी. जीवरसायनशास्त्र, दुसरं वर्ष. पेशी आपलाच जुना माल मोडून परत कसा वापरते आणि विकरं त्यावर ताबा कसा ठेवतात, यावर, म्हणजे स्वभक्षणावर (ऑटोफॅजी), गुरुवारी सेमिनार आहे. जपानी शास्त्रज्ञ योशिनोरी ओसुमींचा भाग तयार आहे. त्यांनी उपाशी ठेवायला मुद्दाम असं यीस्ट घेतलं, की ज्याच्या रिक्तिकेत (पेशीतल्या माल पचवणाऱ्या पिशवीत) प्रथिनं तोडणारी विकरंच नव्हती. आत आलेला माल पचेना, साचत गेला आणि साध्या सूक्ष्मदर्शकाखाली दिसला. (घंटागाडी चार दिवस आली नाही की घरात कचरा किती होतो ते कळतं, तसं.) याच कामाला २०१६ चं नोबेल.

गाडी अडलीय ती यूएलके१ पाशी, म्हणजे स्वभक्षण सुरू करणाऱ्या विकरापाशी. अमिनो आम्लं भरपूर असली की एमटॉर हे विकर त्याला फॉस्फेट लावतं आणि स्वभक्षण थांबतं. ऊर्जा कमी पडली की एएमपीके हे दुसरं विकरही त्याला फॉस्फेटच लावतं, आणि स्वभक्षण सुरू! हे कसं? सरांना विचारलं तर "वाच, कळेल." दोन दिवस वाचतेय.

प्रतिसाद १
फॉस्फेट कुठे लागतं ते बघ. यूएलके१ म्हणजे हजारावर अमिनो आम्लांची साखळी. एमटॉर ७५७ व्या जागेवरच्या सेरीनवर (हे एक अमिनो आम्ल) लावतं, त्यामुळे एएमपीकेला यूएलके१ धरताच येत नाही. एएमपीके लावतं ३१७ आणि ७७७ वर, त्याने यूएलके१ चालू होतं. हे क्रमांक उंदराच्या प्रथिनाचे आहेत, माणसात ७५७ चा ७५८ होतो. स्लाइडवर प्राणी लिही, नाहीतर परीक्षक तिथेच पकडतील.

धागाकर्ती
अरे! मी क्रमांक बघितलेच नव्हते. खूप आभार.

प्रतिसाद २
थांबा, एवढं सरळ नाही. वरचं चित्र २०११ चं. २०२३ मध्ये उलट निष्कर्ष आले: ग्लुकोजचा पुरवठा तोडला की एएमपीके यूएलके१ ला आवरून धरतं. मला तरी हे पटतं. जुन्या मालाभोवती पिशव्या बांधायच्या, लयकारिकेत (प्राणीपेशीतल्या पचनाच्या पिशवीत) आम्ल टिकवायचं, सगळ्याला एटीपी, म्हणजे पेशीची ऊर्जा, लागतं. खिसा रिकामा असताना कोण डागडुजी काढतं?

धागाकर्ती
मग बाण कुठल्या दिशेने काढू?

प्रतिसाद २
दोन्ही काढ. शेजारी साल लिही आणि पेशी कशावाचून उपाशी होत्या तेही, अमिनो आम्लं की ग्लुकोज.