शेतातून काठी घेऊन फिरणारी पोरं खाली नेमकं काय बघत होती?

साक्रीकर:
नमस्कार मंडळी. गेल्या आठवड्यात आमच्या शेतातून दोन पोरं फिरली. एकाच्या हातात उंच काठी, टोकाला पांढरा डबा. दहा पावलं चालायचं, थांबायचं, आकडा लिहायचा. मला म्हणे, "काका, कोयता आणि मोबाईल बांधावर ठेवून या." जमिनीखालचे लाव्ह्याचे थर चुंबकत्वावरून शोधतोय, असं सांगत होती. दगडाला कुठे चुंबक चिकटतो? आणि खरं विचारायचंय ते हे, की मागच्या उन्हाळ्यात ३०० फूट बोअर कोरडी गेली. या यंत्राने पाणी सांगता येतं का?

कोअरपेटी:
काका, चिकटतो, जरा कमी. नाल्यातली काळी रेती वाळवा आणि जुन्या स्पीकरचा चुंबक तिच्यात फिरवा, त्याला मिशा फुटतील. ते मॅग्नेटाइट, आपल्या काळ्या पाषाणातूनच सुटलेलं. लाव्हा थंड होताना हे कण त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकत्वाची दिशा धरून बसतात (शुद्ध मॅग्नेटाइट ५८० अंशांच्या खाली आल्यावर). आपला बहुतेक लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, आणि त्यातले कितीतरी प्रवाह पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव उलटे असताना थिजलेत.

पण पोरांनी तुम्हाला अर्धंच सांगितलं. सगळीकडे सारख्या जाडीचा सपाट थर वरून चालत मोजला तर जवळजवळ दिसतच नाही. दिसतात त्याच्या कडा. प्रवाह जिथे संपतो, जिथे तो तुटून खालीवर सरकलाय, किंवा त्याला चिरत डाईक उभा आलाय, तिथे आकडा हलतो. तुमच्याकडे डोंगरांवर तटबंदीसारख्या धावणाऱ्या काळ्या भिंती आहेत ना, तेच डाईक. मातीखाली गडप झालेले डाईकही या काठीला सापडतात. एकूण आकडा ४०,००० नॅनोटेस्लांच्या (चुंबकत्व मोजायचं एकक) वर, त्यात काही शेंची चढउतार.

थरावर थर किती आहेत ते बघायचं तर भोक पाडून कोअर, म्हणजे दगडाची गोल कांडी, काढावी लागते. किल्लारीला भूकंपानंतर पाडलेल्या भोकात बेसाल्ट (हाच आपला काळा पाषाण) ३३८ मीटरवर संपला, कोयनेजवळ गोठण्याला १,२४७ मीटरवर. कोअर वर येताना गरगर फिरते, म्हणून तिची उत्तर दिशा हरवते. हाती राहतं फक्त वर-खाली. तेवढ्यावरही भागतं, कारण तेव्हा आपला भूभाग विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता. सुलट काळातल्या (ध्रुव आजच्यासारखे असतानाच्या) प्रवाहाचं चुंबकत्व वर झुकलेलं, उलट काळातलं खाली. मात्र आजचं चुंबकत्वही आपल्याकडे खालीच झुकतं, त्यामुळे उलट प्रवाहावर चढलेलं नवं पुट सहजी ओळखू येत नाही. ते आधी उतरवावं लागतं.

आणि याच वर-खालीत मी माती खाल्लीय. एम.एस्सी.ला असताना एकाच प्रवाहाच्या मधोमध मला ध्रुवांचे दोन पलट सापडले. दोन दिवस मी हवेत! मग सरांनी कोअरची पेटी उघडली आणि एवढंच विचारलं, "यांच्यावर बाण कुठायत?" तीन तुकडे मीच उलटे मांडले होते. फिरवून टेकवले तर तुटलेल्या कडा दातात दात बसाव्या तशा जुळल्या. तेव्हापासून तुकडा हातात आला की आधी खडूने बाण, मग चहा.

पाण्याचं म्हणाल तर पाणी चुंबकत्वात दिसत नाही. डाईक घट्ट असेल तर तो जमिनीखालच्या बांधासारखं पाणी अडवतो, चढाच्या अंगाला. भेगाळलेला असेल तर स्वतःच पाणी धरतो. यातला कोणता, ते काठी सांगणार नाही. त्यासाठी रेझिस्टिव्हिटी सर्व्हे (जमिनीत वीज सोडून तिला किती अडथळा होतो ते मोजणं) करून घ्या.

अलिबागकर:
कोयत्याचं हसण्यावारी नेऊ नका, लोखंडाने आणि विजेने चुंबकत्वाचा आकडा बिघडतो. मुंबईत ट्राम विजेवर धावणार म्हटल्यावर कुलाब्याची चुंबकीय वेधशाळा १९०४ मध्ये आमच्या अलिबागला आणली. इमारतीचा दगडसुद्धा इथला काळा नाही, पोरबंदरहून आणलेला.

साक्रीकर:
ताई, आज पोरांना चहाला थांबवून नकाशा बघितला. आमच्या वावरातून एक लांबलचक पट्टा पूर्व-पश्चिम गेलाय, तो डाईक म्हणतात. बोअर त्याच्या उताराच्या अंगाला, चाळीस पावलांवर. आणि बोअरच्या तोंडाशीच एक मोठा ठिपका होता. मी म्हटलं, इथे काय सापडलं? दोघं हसायला लागली. म्हणे, "काका, तुमची लोखंडी केसिंग."