पुण्यात शिकायला होतात तेव्हा कसे फिरलात?

मंडळी, पुण्याच्या ट्रॅफिकला शिव्या घालायला इतर जागा पुष्कळ आहेत. इथे एवढंच सांगा: शिकत असताना कॉलेजला, खोलीवर, गावी आणि सुट्टीत गडावर कशाने जायचात? माझं एक मत आहे, की ज्याचं जे वाहन, त्याला तेवढंच पुणे भेटतं. खोडून काढा.

सुरुवात माझ्यापासून. पौड रस्त्याला कॉट बेसिसवर, विद्यापीठात एम.ए. डेक्कनला उतरून दुसरी बस. विद्यापीठ चौकातला तो उड्डाणपूल तेव्हा उभा होता, २०२० साली पाडला. गेटवर उतरलं तरी पोचलो असं व्हायचं नाही, कारण आवार ४११ एकरांचं आणि आमचा विभाग पार आत. त्या झाडीतून चालताना निम्मा अभ्यास व्हायचा, म्हणजे निम्म्या गप्पा. पास खिशात असूनही शहराचा पूर्व भाग मी पाहिलाच नाही. हडपसर माझ्या लेखी बसच्या पाटीवरचं नाव होतं.

डायनॅमो (१९८४ ची बॅच)

तेव्हा सायकल सोडून दुसरं काही असतं हेच डोक्यात नव्हतं. कॉलेजच्या स्टँडवर आपली सायकल काढायची म्हणजे आधी शेजारच्या चार सरळ करायच्या. संध्याकाळी दिवा नसला की पोलीस अडवायचा, आणि मूड नसेल तर चाकातली हवा सोडून द्यायचा. डबल सीटला बंदी. त्यावर सगळ्यांचा तोडगा एकच: चौक दिसला की मागच्याने उडी मारायची, सज्जनासारखा चौक चालत ओलांडायचा आणि पलीकडे पुन्हा कॅरिअरवर.

एका मित्राकडे लुना होती. तो श्रीमंत. पण चांदणी चौकाचा चढ आला की तोही आमच्यासारखेच पॅडल मारायचा, त्यामुळे मैत्री टिकली. सायकलने खडकवासल्याला जाणं ही आमची सहल. येताना उतार, म्हणून जाताना कुणी कुरकुर करत नसे.

तुमचं मत मला लागू नाही. सायकलला सगळं पुणे भेटतं. मात्र तेव्हाचं पुणे सायकलच्या मापाचं होतं, हे कबूल.

कामशेतकर

घरूनच यायचो, लोणावळा लोकलने. ही लोकल १९७८ पासून आहे आणि मावळातल्या दोन-तीन पिढ्या तिच्यावर शिकल्यात. तिमाही पास काढला की बसभाड्याच्या मानाने फुकटच म्हणायचं.

तिचं वेळापत्रक ज्याला पाठ नाही त्याने मावळात राहू नये. दुपारी गाड्यांमध्ये मोठी खिंड असते. लेक्चर साडेअकराला संपलं आणि गाडी हुकली, तर शिवाजीनगर स्टेशनच्या बाकावर जर्नल पूर्ण करायचं. माझी सबमिशन्स कायम वेळेवर असत, सरांना वाटायचं मुलगा शिस्तीचा आहे.

उलट दिशेचा फायदा सांगतो, हॉस्टेलवाल्यांना हे सुचत नाही. रविवारी पहिल्या लोकलने मळवलीला उतरा. स्टेशनवरून चालत भाजे लेणी, वर लोहगड, पाय असतील तर विसापूर. कार्लाही तिथूनच. कामशेतला उतरलात तर बेडसे लेणी, आणि तिथे गर्दी कार्ल्याच्या मानाने काहीच नाही. गाडी नको, ग्रुप नको, बुकिंग नको. आमच्या वर्गातल्या बाइकवाल्यांनी लोणावळा म्हणजे फक्त चिक्की आणि भुशी डॅम पाहिला.

जालन्याची

आमचा स्टँड शिवाजीनगर. २०१९ च्या अखेरीस तो मेट्रोच्या कामासाठी वाकडेवाडीला गेला. घरचे मात्र फोनवर अजून “शिवाजीनगरला उतरलीस का?” असंच विचारतात. नगर रोडने येताना शिक्रापूर गेलं की बॅगा काढायची घाई करणारे नवखे. वाघोली आली म्हणजे पुणे आलं असं त्यांना वाटतं. खरा कस तिथून पुढे लागतो, निवांत बसून राहावं.

मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं. हे ऐकायला साधं आहे. पण त्याआधी मी दिवाळी आणि उन्हाळा सोडला तर गावी जात नसे, आणि नंतर महिन्याआड जायला लागले. आई म्हणते लेक वळणावर आली. वळणावर काही नाही, तिकीट निम्मं झालं.

शहरात मात्र माझं गणित हॉस्टेलच्या गेटवर चालायचं. रात्री गेट बंद व्हायच्या आत परत यायचं, म्हणून नाटकाचा शेवट मी कधी बघितलाच नाही, शेवटच्या अंकात उठायचे. तेव्हा वाहनाचं नका सांगू, गेट किती वाजता बंद होतं ते विचारा.

पांढरी काठी

मला दिसत नाही. स्टॉपवर “ही कुठली बस?” असं विचारलं, की लोक उलट विचारतात, “तुम्हाला कुठे जायचंय?” आणि मग मी रिक्षाने गेलेलं बरं, असं आपापसात ठरवून टाकतात. प्रेमानेच. मला फक्त नंबर हवा असतो.

बसमध्ये बसल्यावर अडचण नाही. लकडी पुलावर वारा बदलतो, मग अलका चौकाचं वळण, तिथून स्टॉप मोजायचे. पावसाळ्यात खिडक्या बंद असल्या की वारा कळत नाही, तेव्हा कंडक्टरला सांगून ठेवते.

मेट्रोत पुढचं स्टेशन मराठीत सांगतात, पायाखाली उठावाच्या पट्ट्या असतात, कुणाला काही विचारावं लागत नाही. पट्टी संपून फुटपाथ सुरू झाला की खड्डे, गाड्या आणि फुगेवाले. धागाकर्त्यांचं मत थोडं बदलून घेते: माझं पुणे स्टॉपपासून चालत जेवढं जाता येतं, तेवढं.

भुयारी

पिंपरी ते स्वारगेट मेट्रो. २९ सप्टेंबर २०२४ ला स्वारगेटपर्यंत सुरू झाली, तेव्हापासून बाइक घरी. विद्यार्थ्यांना तिकिटात ३० टक्के सूट आहे, कार्ड करून घ्या. सिव्हिल कोर्टला गाडी बदलायची असेल तर हातात वेळ ठेवा, ते स्टेशन ३३ मीटर खोल आहे, सरकते जिने संपता संपत नाहीत. गाडी मुठेच्या खालून जाते आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. बाकी सांगण्यासारखं नाही. एसी आहे.

पेठेतला

एमपीएससी. खोली सदाशिव पेठेत, अभ्यासिका नवी पेठेत, मेस मधल्या गल्लीत. वाहन नाही, पास नाही. नदी ओलांडली की परदेश. गावाकडचे विचारतात पुण्यात काय काय पाहिलं. शनिवारवाडा पाहिलाय, तोही चहाला गेलो होतो म्हणून.

एकदा मुख्य परीक्षा झाल्यावर खोलीतले सगळे शनिवारवाड्याजवळून ५० नंबरने सिंहगडाच्या पायथ्याला गेलो. चढताना एकमेकांना पानिपताच्या सनावळ्या विचारत होतो. वर पिठलं-भाकरी खाल्ली, ताक प्यायलो, आणि परतीच्या बसमध्ये चालू घडामोडी.

एक माहिती, कामाची आहे

वर कुणी सांगितलं नाही म्हणून लिहिते. गावी रेल्वेने जाणाऱ्या विद्यार्थ्यांना सेकंड क्लास आणि स्लीपरला निम्मी सवलत असते. फॉर्म कॉलेजच्या ऑफिसात मिळतो, तिकीट खिडकीवरच काढावं लागतं, मोबाइलवर ही सवलत मिळत नाही. आणि गावाऐवजी भटकायचं असेल तर एसटीचा “आवडेल तेथे प्रवास” हा चार किंवा सात दिवसांचा पास आहे. आम्ही त्यावर कोकण केलं, झोपायचं बसमध्ये आणि अंघोळ नातेवाइकांकडे. रेल्वेचा फॉर्म आणायला परीक्षेच्या आधीच जा. नंतर ऑफिसातला माणूसही गावी गेलेला असतो.