मदत हवी आहे: चालणं रोजचं, तरी एचबीएवनसी ६.१
वय ४६. वडिलांना पन्नाशीत मधुमेह, पुढे हृदयविकाराचा झटका. म्हणून यंदा पहिल्यांदाच सगळ्या तपासण्या करून घेतल्या. एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची रक्तातली सरासरी साखर) ६.१ टक्के आलं. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा, असं डॉक्टर म्हणाले. रक्तदाब १३४/८६. गोळ्या अजून नाहीत, सहा महिन्यांनी पुन्हा तपासायचं. वजन कमी करा म्हणाले, ते तर वजनकाटा रोजच सांगतो.

जागतिक आरोग्य संघटना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते, शिवाय दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा. अर्धा तास, पाच दिवस चालणं होतं माझं. ताकदीचं मात्र शून्य. गुडघा कुरकुरतो म्हणून टाळत आलोय. स्नायू रक्तातली साखर वापरतात हे कळतं, पण सुरुवात कुठून करू? घरच्या घरी, गुडघ्यावर ताण न येता कुणी केलंय का?

दुसरं, झोप जेमतेम साडेपाच तास. आधी झोप सुधारू की व्यायाम? दोन्ही एकदम धरलं की दोन्ही सुटतं, असा अनुभव आहे.

चमत्कारी काढे कृपया सुचवू नका. ज्यांचा आकडा खरंच खाली आला, त्यांनी काय केलं आणि किती महिने लागले, तेवढं सांगा.