‘अंगावर येणे’ : पण कुणाच्या?

प्रश्न :
गेल्या शनिवारी नागपुरात, धरमपेठेत एका लोकल आर्ट-रॉक बँडचा शो पाहिला. बँडचं नाव मुद्दाम देत नाही. शिव्या खाऊन गाजायचं हाच त्यांचा धंदा, त्यात माझा हातभार नको. गिटारवाला पहिली दहा मिनिटं आमच्याकडे पाठ करून एकच सूर ॲम्प्लिफायरमधून किंचाळवत बसला. मग स्टेजवरचा हॅलोजन फिरवून आमच्या डोळ्यांवर सोडला आणि गायक लांब वायरचा माइक घेऊन खाली उतरला. दुसऱ्या रांगेतल्या एका काकांच्या नाकाला नाक लागेल इतका वाकून त्यानं विचारलं, “हे गाव कोणी वसवलं?” काका म्हणाले, “भोसल्यांनी.” पुन्हा तोच प्रश्न, आवाज चढवून. प्रत्येक चुकीच्या उत्तराला ड्रमवाला तेलाचा रिकामा पिपा बडवायचा. शेवटी मागून एक पोरगी ओरडली, “बख्त बुलंद शहा! १७०२!” तेव्हा कुठे गाणं सुरू झालं.

कॉलेजच्या अंकासाठी यावर लिहितोय. ‘अंगावर येणारा प्रयोग’ असं लिहिलं होतं, सरांनी खोडलं. घासून गुळगुळीत झालाय म्हणे. दुसरा शब्द सुचवा. ‘आक्रमक’ नको, तो क्रिकेटच्या बातम्यांना राहू द्या.

उत्तर :
सरांचं खरं आहे. हल्ली नाटक, कादंबरी, कवितासंग्रह, सगळंच अंगावर येतं आणि परीक्षण लिहिणारा सोफ्यावर चहा पीत असतो. ‘डिवचणारा’ घ्या. डिवचणं म्हणजे काठीनं टोचणं. बिळातला साप डिवचतात, झोपलेलं कुत्रं डिवचतात. समोरचा उलटणार हे डिवचणाऱ्याला ठाऊक असतं, तेच त्याला हवं असतं. ‘खिजवणे’त नुसती मजा आहे. ‘चिथावणे’ तर इथं चालणारच नाही, कारण चिथावणारा एकाला दुसऱ्यावर सोडतो. तुमचा गायक कुणाला कुणावर सोडत नव्हता, स्वतःच आला होता.

उत्तर :
मी होतो तिथं, त्या काकांच्या मागच्याच खुर्चीवर. तुम्ही मुख्य गोष्टच गाळली भाऊ. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा काका काय बोलले? “अबे, अंगावर कायले येऊन राहिला? दुरून विचार ना!” अख्खा हॉल हसला, गायकालाही हसू आवरेना. आता सरांना विचारा, कोणता शब्द गुळगुळीत झाला? सीताबर्डीच्या गर्दीत स्कूटर घुसवणाऱ्याला आपण रोज हेच म्हणतो.

उत्तर :
मग घोटाळा शब्दाचा नाही, षष्ठीचा आहे. काका ‘माझ्या’ म्हणाले नाहीत, पण अंग त्यांचंच होतं. ‘अंगावर येणारा प्रयोग’ यात अंग कुणाचं? कुणाचंच नाही. आणखी एक बघा. ‘येणे’ हे ज्याच्यावर बेततं त्याच्या बाजूनं बोललं जातं. आपण दुरून बघत असलो तर ‘गायक काकांच्या अंगावर गेला’ असंच तोंडात येईल. म्हणजे परीक्षणात ‘प्रयोग अंगावर आला’ लिहिणारा सांगतोय की टोचलं ते मला. खरंच टोचलं का, एवढाच प्रश्न उरतो.

उत्तर :
षष्ठीचं पूर्ण पटलं नाही. ‘पोळ्यात बैल अंगावर आला’ यात षष्ठी कुठे आहे? तरी कुणालाही ते सोफ्यावरचं वाटणार नाही. बैल म्हटलं की अंग आपोआप कळतं. येणे–जाणेचं मात्र मान्य.

जाता जाता : १९८४च्या जानेवारीत लंडनच्या इन्स्टिट्यूट ऑफ कंटेम्पररी आर्ट्समध्ये आइनश्टुर्त्सेंडे नॉयबाउटेन या जर्मन बँडच्या मंडळींनी ड्रिल मशीन लावून स्टेजच फोडायला घेतलं होतं. ते प्रेक्षकांच्या नाही, इमारतीच्या अंगावर गेले. दोन्हीला एकच विशेषण लावणं म्हणजे आळस.

उत्तर :
लंडन कशाला बाप्पा? तान्ह्या पोळ्याला इतवारीत उभे राहा. काळी मारबत, म्हणजे वाईटाचा बाईरूपी मोठा पुतळा, १८८१पासून निघते म्हणतात. तिच्यासोबत बडगे, म्हणजे टिंगलीचे पुतळे निघतात, महागाईचे, भ्रष्टाचाराचे, पुढाऱ्यांचे, आणि “घेऊन जा गे मारबत!”चा ओरडा. पण तिथं ज्याचा बडग्या तो गर्दीत नसतो. या पोरांनी तिकीट काढून बसलेल्यांचाच बडग्या केला. माझं मत ‘डिवचणारा’ला नाही. डिवचणाऱ्याच्या हातात काठी असते, तेवढं अंतर राहतं. इथं नाकाला नाक होतं. ‘अंगचटीला येणे’ जवळ जातं, पण त्यात लाडिकपणाचा आणि नको त्या सलगीचा वास आहे. बाईच्या बाबतीत तर अर्थ भलताच होईल, छापू नका.

प्रश्नकर्ता :
आणि मी रात्री दोनला घाईत ‘अंगलट येणारा प्रयोग’ लिहून बसलो होतो! म्हणजे कार्यक्रम बँडवरच उलटला. बरं झालं पाठवलं नव्हतं. आता विशेषणच काढून टाकलंय. वाक्य असं केलंय : ‘तिसऱ्यांदा गायक काकांच्या अंगावर गेला, तेव्हा काकांनी चष्मा काढून खिशात ठेवला.’ चष्म्याचं खरं आहे, मी पाहिलं. मागच्या खुर्चीवाले भाऊ, काकांचं वाक्य जसंच्या तसं घेऊ ना? ‘कायले’ला सर लाल शाई लावतील, पण ते मी बघतो.

उत्तर :
घ्या. फक्त ‘अबे’ कापू नका.